पानावरून उठायचं नाही

गणू पष्टेला नांगर धरताना ज्यांनी पाहिलं, त्यांना हा माणूस कुणाच्या जिवावर टपलेला आहे असं कधी वाटलं नसतं. बैलाला तो कधी पराणी टोचत नसे. जिभेने टाळूवर बारीक आवाज काढायचा आणि बैल आपणहून वळायचे. चिखलणीच्या दिवसांत बगळे त्याच्या मागून चालत, इतके जवळून की त्यांचे पंख त्याच्या पोटरीला लागावेत. असा हा माणूस सतरा वर्षं एका माणसाला मारायचं म्हणून जगला.

आमचं गाव मुरबाडच्या पुढे, काळू नदीच्या काठाला. शिमगा झाला की आमच्याकडे शिकारीला निघायची रीत होती. कायद्याने बंदी होती, पण रीत कायद्याहून जुनी. सगळा गाव रानात शिरायचा, पोरं डबे बडवायची, आणि कडेला भाले-कोयते घेऊन जाणती माणसं दबा धरून बसायची. मांस घरागणिक वाटलं जाई. एकच नियम होता. ज्याच्या हत्याराने जनावराचं पहिलं रक्त काढलं, मुंडी त्याची.

एक्क्याण्णव सालच्या शिकारीत रानडुक्कर उठलं ते नदीपलीकडच्या वाडीतल्या बारकूच्या अंगावरून गेलं. त्याने कोयता फिरवला, डुकराचा कान तुटला. पुढे जना बसला होता. जना म्हणजे गणूचा थोरला भाऊ, आणि बारकूचा लहानपणापासूनचा जोडीदार. जनाने भाला घातला तो खांद्यातून आरपार. डुक्कर तिथंच लोळलं.

मग पळसाची पानं रांगेने मांडली, प्रत्येक घराचं एक. बारकू मांस कापायला बसला. मुंडीवरून बोलणं निघालं ते थट्टेनेच.

"कान कापलास तू, बारक्या. कानाची भाजी कर," जना म्हणाला.

लोक हसले. बारकू हसला नाही.

"कानातून रक्त आलं का नाय? तेवढं बोल."

"आलं. डास चावल्यावर बी येतं."

पुन्हा हसू उठलं, आणि ते हसू ओठांवर असतानाच बारकूचा मांस कापणारा हात वर गेला आणि खाली आला. कोयता मानेपासून खांद्यापर्यंत उतरला. जना ओरडलाही नाही. तो पानांवर पडला. त्याचं डोकं पडलं ते आमच्या घरच्या पानावर. रक्ताची पिचकारी समोरच्या माणसाच्या धोतरावर गेली, आणि तो माणूस धोतर झटकत राहिला, कितीतरी वेळ, जसं काही त्यावर किडा बसला होता. बारकू पळाला नाही. मुरबाडहून पोलीस येईपर्यंत तो त्या मांसाशेजारी उकिडवा बसून होता. मांस कुणी घरी नेलं नाही. कुत्र्यांनी खाल्लं.

गणू शेतावर होता. धावत आला, पाहिलं, आणि जी कुऱ्हाड हाताला लागली ती उचलली. त्याला धरायला अख्खा गाव कमी पडत होता. शेवटी बैलाच्या कासऱ्याने मोहाच्या झाडाला बांधला. तो झाडाला डोकं आपटत राहिला. त्याचं कपाळ फुटलं, झाडाची साल निघाली. दोन्ही खुणा पुढे राहिल्या.

दहाव्याला आम्ही नदीवर बसलो होतो. आमच्या घरात पिंडदान नाही. आजोबांनी छप्पन सालानंतर बाबासाहेबांच्या मागे जाऊन धम्म घेतला, तेव्हा ते सगळं काळूच्या पाण्यात सोडून दिलं. पण शेजाऱ्याच्या दुःखात आम्ही बसतो. जनाचा पोरगा हरेश तेव्हा चार वर्षांचा, गोवराने फणफणलेला, घरीच होता. म्हणून पिंड गणूने ठेवला. पानावर भाताचा गोळा, वर काळे तीळ, खाली दर्भ. वरून पाण्याची बारीक धार. आणि कावळा शिवेना. मेलेल्याचं मन कशात अडकलं असेल ते कबूल करावं लागतं, मग कावळा येतो असं मानतात. लोकांनी कबूल करून पाहिलं. हौसाला सांभाळू म्हणाले, ती जनाची बायको. पोराला शिकवू म्हणाले. ऊन डोक्यावर आलं. झाडावर कावळे बसून होते, एक खाली उतरेना.

तेव्हा कपाळाला फडकं बांधलेला गणू पाण्यात उभा राहून ओरडला, "दादा, बारकूला मी जिता ठेवणार नाय!"

कावळा आला. गोळा फोडून गेला.

तो यायचा तेव्हाच आला असेल. पण गणूच्या मनात त्या दिवशी खिळा ठोकला गेला. बारकूला जन्मठेप झाली. गणूने लग्न केलं नाही. भावजयीचं शेत त्याने केलं, हरेशला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तापात रात्ररात्र मांडीवर घेतलं. आणि दर अमावास्येला ओट्यावर बसून तो कोयत्याला धार लावायचा. हौसा आतून म्हणायची, "भावजी, ते पातं घासून घासून सुई होईल." तो म्हणायचा, "सुई बी चालंल."

सतरा वर्षांनी बारकू सुटला. बाहेर आला तो पांढऱ्या केसांचा, पाठीत वाकलेला, पुढचे दात गेलेला. गणूने दम धरला नाही. मुरबाडच्या बाजारात, सुक्या मासळीच्या ओळीत, लोकांच्या देखत त्याने कोयता घातला. बारकू मासळीच्या पाटीत पडला म्हणून मान वाचली, खांदा गेला. कोळणी ओरडत पळाल्या. बारकूने पोलिसांना सांगितलं, "मारणारा दिसला नाय." पण त्याच्या पोराला, बंटीला, सगळं दिसलं होतं.

बंटी आसनगाव-शहापूर रस्त्यावर टेंपो चालवायचा. बाप तुरुंगात असताना वाढलेलं पोर, अंगात नुसती ठिणगी. त्याने गणूला हात लावला नाही. हरेशला आसनगाव स्टेशनबाहेर गाठून सायकलच्या साखळीने मारलं. दोन बरगड्या, एक हात, गालाला फाट. शहापूरच्या दवाखान्यात हौसा उशाशी बसली होती तिथे बंटी स्वतः आला. दारातूनच म्हणाला, "काकी, तुमच्या गणूला सांगा. आता माझ्या बापाला बोट लागलं, तर पुढच्या टायमाला साखळी नाय. मान."

हौसाने त्या दिवशी ठरवलं. घरी येऊन तिने गणूपुढे भाकरी ठेवली आणि म्हणाली, "समेट करा."

"दादाला सबूद दिलाय."

"नदीला दिलात. मला इचारलंत? नवरा माझा मेला. आता पोर बी द्यायचा का तुमच्या सबदापायी?"

"वैनी, तो कावळा..."

"कावळ्याला काय कळतंय! नाय आलात तर मी हरेशला घेऊन सापगावला म्हायेरी जाते. मग ह्या उंबऱ्यात कोयत्याला धार लावत बसा, मरेस्तोवर."

गणू रात्रभर बसून राहिला. सकाळी एवढंच म्हणाला, "येतो."

आमच्याकडे समेटाची एक रीत आहे. खून पडलेल्या दोन घरांनी एका पंगतीला बसायचं. मध्ये तिसऱ्या घरचा एक माणूस बसतो, त्याला मधला म्हणतात. हत्यारं बाहेर ठेवायची. आणि पंगत पुरी होईपर्यंत पानावरून कोणी उठायचं नाही. पंगत पुरी झाली की वैर मिटलं, मग पोरांनाही ते बांधून घेतं. कोणी मधूनच उठला तर समेट मोडला, आणि उठला त्याच्या घराचं पुढे काय होईल त्याला गाव जबाबदार नाही. बंटीने हे कबूल केलं होतं. म्हणाला, "पंगत झाली तर मी साखळी नदीत टाकीन. मोडली तर मला कोणी अडवायचं नाय."

मधला म्हणून हौसाने मला बोलावलं. माझ्या बापाला ज्या ओट्यावर पाणी वरून ओतून मिळायचं, त्या घरची सून माझ्या दारात येऊन म्हणाली, "इंद्रजीतदादा, तुमीच बसा मधी." मी बसलो.

प्रश्न राहिला जागेचा. गणू बारकूच्या चुलीचं खाणार नाही, बारकूला गणूच्या ओट्यावर चढवणार कोण? देवळात बसावं तर मी आत नको असं म्हणणारे अजून दोघेतिघे होतेच. तेव्हा हरेश बोलला.

काळूच्या वरच्या अंगाला मुंबईच्या माणसांसाठी एक मोठं हॉटेल उघडलं होतं. खोल्या, पोहायचा तलाव, आणि नदीकडे तोंड करून काचेचा एक दिवाणखाना, जिथे फक्त थायलंडचं जेवण मिळायचं. आचारीही तिकडून आणलेला. हरेश तिथे वाढपी म्हणून लागला आणि चलाख म्हणून वाढप्यांचा कॅप्टन झाला होता. तिथल्या नोकरांना वर्षातून एकदा घरच्यांना आणून जेवू घालायची मुभा होती, मधल्या वारी, दुपारी, हॉटेल रिकामं असताना.

"तिथं कुणाची चूल नाय," हरेश म्हणाला. "पानी बी बाटलीतलं."

"काय देतात?" गणूने विचारलं.

"आपण मागायचं नाय काका. आचाऱ्याच्या मनात असंल ते येतं. थोडं थोडं, एकामागून एक."

"म्हंजे तुरुंगासारखंच," गणू म्हणाला. "बारक्याला सवय असंल."

हरेशने सगळा विचार केला होता. आचाऱ्याच्या हातापाया पडून डुकराचा पदार्थ काढायला लावला. धारेच्या सुऱ्यांच्या जागी बोथट सुऱ्या मागवल्या. गोल टेबल असं लावलं की दोघांच्या मध्ये मी, आणि माझ्या समोर, गणूच्या दुसऱ्या हाताला हौसा. तो स्वतः वाढणार होता, म्हणजे दार त्याच्या हातात राहील.

गणू जीपमधून उतरला तेव्हा त्याने कोयता सीटखाली ठेवला. मी पाहतोय हे पाहून म्हणाला, "बघ रे इंद्रा, ठेवला. आता काय शेंडी बी कापून ठेवू?" बारकू आधीच येऊन बसला होता. बंटी फाटकाबाहेर टेंपोला टेकून उभा, हातात साखळी गुंडाळलेली. तो आत आला नाही. त्याने आम्हाला मोजून घेतल्यासारखं पाहिलं.

आत गारवा होता. पायाखाली काळा दगड, त्यात माणसाचा चेहरा दिसेल असा. कुठे पाणी झुळझुळत होतं. काचेपलीकडे नदी, आणि नदीवरची ती जागाही दिसत होती जिथे आम्ही दहाव्याला बसलो होतो. गणूने पाठ तिकडे केली.

"पानावरून कोणी उठायचं नाय," हौसा म्हणाली.

"नाय," बारकू म्हणाला.

गणूने मान हलवली.

पहिलं आलं ते विड्याचं पान. त्यात भाजलेलं खोबरं, शेंगदाणा, आल्याचा तुकडा, लिंबाची फोड. एका घासाचं.

"जेवायच्या आधीच विडा?" हौसा म्हणाली. "ह्यांच्यात उलटं दिसतंय. आता शेवटाला हातपाय धुवायला लावतील."

मी हसलो. बारकूच्या ओठाचा कोपरा हलला. त्याने पान तोंडात टाकलं आणि डावा हात लगेच रिकाम्या ताटाभोवती कुंपणासारखा घातला. कोणी हिसकावून घेईल अशी भीती त्या हाताला अजून होती.

मग वाटीभर आंबट-तिखट पाणी आलं, त्यात एक कोळंबी. गणू वाटीत वाकून बघत राहिला.

"एकच?"

"एकच काका."

"दुसरी पोवायला गेली काय?"

असं थोडं थोडं येत गेलं. कच्च्या पपईचं तिखट मिसळण, केळीच्या पानात वाफवलेला मासा, काडीला लावलेला कोंबडीचा एक तुकडा. प्रत्येक वेळी भलीमोठी थाळी आणि मध्ये एवढंसं. खाऊन होईपर्यंत पोट विचारायचं, आलं होतं का काही? आणि दोन पदार्थांच्या मध्ये रिकामा वेळ. गावच्या पंगतीत असा वेळ नसतो. वाढपी धावतो, भात पडतो, आमटी पडते, माणूस खाली मान घालून जेवतो आणि वैऱ्याच्या शेजारीही पोट भरून उठतो. इथे खायला काही नाही आणि समोर माणूस. गणू बारकूकडे बघत होता. त्याच्या गळ्यावरच्या शिरेकडे, मासळीच्या ओळीत चुकलेल्या जागेकडे. टेबलाखाली त्याची मांडी थरथरत होती, ती माझ्या मांडीला लागत होती.

"खांदा कसा हाये?" त्याने एकदम विचारलं.

"पावसात दुखतो," बारकू म्हणाला.

"बरा दुखतो ना?"

"बरा दुखतो."

"भावजी," हौसा म्हणाली, "खाली बघा."

मग गोड आलं. शेवटचं नव्हे, त्याच्याआधीचं. हरेशने एकेकापुढे काळी थाळी ठेवली. थाळीत केळीच्या पानाचा तुकडा. पानावर गवती चहाची हिरवी पात वळवून ठेवलेली. तिच्यावर चिकट भाताचा पांढरा गोळा, आणि वर काळे तीळ. हरेशच्या हातात छोटी पितळी लोटी होती. ती उंच धरून त्याने नारळाचं दूध बारीक धारेने आधी बारकूच्या गोळ्यावर सोडलं, मग गणूच्या.

मला ते गोडच वाटलं. मी हात पुढे केला होता. मग माझ्या मांडीला लागणारी मांडी थांबली, आणि मी वर पाहिलं. गणूचा चेहरा राखेसारखा झाला होता. हौसाने तोंडावर पदर घेतला होता. हरेश तेवढा हातात लोटी घेऊन हसऱ्या तोंडाने उभा होता. रोज वाढून वाढून त्या गोळ्याकडे त्याची नजर मेली होती, आणि बापाच्या दहाव्याला तो तापात होता. त्याला काय कळणार?

"कुणाचा?" गणू म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "बारक्या, कुणाचा ठेवलाय?"

बारकू गोळ्याकडे बघत होता. त्यालाही दिसलं होतं. त्याचा उजवा हात टेबलावर पालथा होता.

गणूने काटा उचलला आणि त्या हातात घातला.

काटा हाडांच्या मधून गेला आणि खाली लाकडात रुतला. मी तो आवाज आजही ऐकतो, ओल्या लाकडात खिळा जावा तसा. बारकूच्या घशातून एक घरघर निघाली. पांढऱ्या कापडावर रक्त आधी ठिपक्यासारखं आलं, मग हातभर पसरलं, माझ्या थाळीखालून हौसाच्या थाळीपर्यंत. बारकूची खुर्ची मागे सरकली. तो अर्धा उठला.

"उठू नको!" हौसा किंचाळली. गणूला नाही, बारकूला. "बारकू, उठलास तर माझं पोर गेलं!"

बारकू तसाच थांबला, अर्धा वर, अर्धा खाली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग तो बसला. हात टेबलाला ठोकलेला, आणि तो बसला.

दाराकडून पहारेकरी धावले. हरेशने लोटी टाकून काचेचं दार आतून लावलं आणि पाठ लावून उभा राहिला. बाहेरून ते दारावर धक्के मारत होते, आणि प्रत्येक धक्क्याला हरेशचं डोकं काचेवर आपटत होतं.

बारकूने डावा हात पुढे केला. गोळा उचलला आणि तोंडात घातला.

"थुंक!" गणू ओरडला. "दादाचा हाये तो! थुंक!"

बारकू चघळत होता. भरल्या तोंडाने म्हणाला, "सतरा वरसं त्याला पोटात घेऊन फिरतोय. हा आनखी एक घास."

गणू माझ्या अंगावरून त्याच्यावर पडला. त्याचं कोपर माझ्या नाकावर बसलं आणि माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. मला दिसलं ते तुकड्यातुकड्याने. गणूची मूठ बारकूच्या जबड्यावर, एकदा, दोनदा, परत. बारकूच्या ओठातून रक्त आणि भात. गणू त्याच्या तोंडात बोटं घालून गोळा ओढून काढतोय, आणि बारकू त्या बोटांना दाढांनी चावलाय, कुत्र्यासारखा, आणि सोडत नाही. थाळ्या खाली पडून फुटल्या. गणू ओरडला, हात ओढून घेतला, अंगठ्याचं मांस लोंबत होतं. बारकूने गिळलं. घशातली ती हालचाल मला दिसली.

गणूने सुरी उचलली. बोथटच होती, पण गळ्यावर टेकवून जोर दिला तर कोणतंही लोखंड जातं. त्याने ती टेकवली. बारकूने मान मागे नेली नाही. मोकळा हातही वर केला नाही.

"मार," तो म्हणाला. "मी उठत नाय."

आणि मग त्याने गणूच्या पायांकडे पाहिलं. हौसाने पाहिलं. मी पाहिलं.

गणू उभा होता. त्याची खुर्ची मागे आडवी पडली होती.

त्याला कळायला वेळ लागला. त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे होते. मग दाराला पाठ लावून उभ्या हरेशकडे. हरेशच्या गालावर साखळीची जुनी फाट होती. फाटकाबाहेर बंटी होता. पंगत मोडली होती, आणि मोडणारा गणू होता.

माझ्याकडे हौसाने पाहिलं. मधल्याने सांगायचं असतं. माझ्या तोंडात माझ्याच नाकाचं रक्त होतं, आणि मी काय सांगणार होतो मला ठाऊक नाही.

"गणू," बारकू म्हणाला. पुढचे दात नसलेल्या, रक्ताने भरलेल्या तोंडाने त्याला शब्द नीट फुटत नव्हते. "बस. मी काय बघितलं नाय."

हौसा बसल्या जागेवरून वाकली. एका हाताने तिने ती खुर्ची उभी केली आणि गणूच्या गुडघ्यामागे लोटली.

सुरी अजून गळ्यावर होती. सुरीच्या टोकाखाली बारकूची शीर उडत होती. सतरा वर्षं ज्या शिरेसाठी पातं घासलं ती, बोटाच्या अंतरावर. गणूच्या तोंडातून एक आवाज निघाला, तसा आवाज मी वासरू मेलेल्या गाईच्या तोंडून ऐकला आहे. मग त्याचे गुडघे वाकले. तो बसला. सुरी मांडीवर पडली.

"हरेश," हौसा म्हणाली, "आन पुढचं."

हरेश दार सोडून कसा येणार? मग बाहेर आलेल्या हॉटेलच्या साहेबाला काचेतून काय दिसलं कोण जाणे, धक्के थांबले. त्या थाय आचाऱ्याने स्वतः मागच्या दाराने येऊन शेवटच्या वाट्या ठेवल्या. म्हातारा माणूस, पांढरे कपडे. टेबलावरच्या रक्ताकडे त्याने पाहिलं, बारकूच्या हातात रुतलेल्या काट्याकडे पाहिलं, आणि न बोलता वाट्या मांडून, दोन्ही हात जोडून मागे सरला. वाटीत आंब्याची फोड होती आणि बर्फ.

बारकूने डाव्या हाताने खाल्लं. हौसाने खाल्लं. मी खाल्लं, आंब्याला नाकातल्या रक्ताची चव होती. गणूचा अंगठा फाटलेला, त्याला चमचा धरता येईना. त्याने वाटी तोंडाला लावली. आम्ही सगळे त्याच्या घशाकडे बघत होतो. गिळलं.

"झाली," मी म्हणालो. "पंगत झाली."

काटा हौसाने काढला. बारकू तेव्हा ओरडला, पहिल्यांदा आणि मोठ्याने.

फाटकाशी बंटीने बापाचा कापडात गुंडाळलेला हात पाहिला, त्यातून गळणारं रक्त पाहिलं. तो काही विचारायला थांबला नाही. साखळी सुटली आणि गणूच्या पाठीवर बसली. सदरा फाटला. गणूने हात वर केला नाही. जीप दोन पावलांवर होती, सीटखाली कोयता होता. तो हलला नाही.

"घेऊ दे," तो मला म्हणाला. "त्याच्या बापाचा हात गेलाय."

दुसरी बसली. तिसरी मानेवर. हरेश मध्ये पडायला धावला तर हौसाने त्याला केसांना धरून मागे खेचलं. तेवढ्यात बारकू आला. त्याने डाव्या हाताने बंटीच्या कानाखाली दिली, आणि देतच राहिला, पोरगा टेंपोच्या चाकाशी खाली बसेपर्यंत. वाकलेल्या पाठीच्या त्या म्हाताऱ्यात एवढं बळ कुठून आलं मला माहीत नाही. "पंगत झाली," प्रत्येक फटक्याला तो म्हणत होता. "झाली. ऐकलास? झाली. माझ्या तोंडानं सांगतोय, झाली." बंटीच्या नाकातून रक्त यायला लागलं आणि तो रडायला लागला, लहान पोरासारखा, मोठ्याने. साखळी त्याच्या हातातून निसटून धुळीत पडली.

हॉटेलच्या साहेबाने पोलिसांना फोन करायचा म्हटलं. बारकू त्याला म्हणाला, "साहेब, काटा माझ्याच हातानं लागला. खायची सवय नाय." साहेबाने फोन केला नाही, पण हरेशला त्याच पावली कामावरून काढलं. बारकूची दोन बोटं पुढे कधी मिटली नाहीत. गणू आणि तो पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. रस्त्यात गाठ पडली की दोघेही थांबायचे, एक जाईपर्यंत दुसरा उभा राहायचा, मग चालू लागायचे. बंटीने हरेशला पुन्हा हात लावला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी गणूच्या घरी गेलो. तो ओट्यावर पालथा पडला होता. हौसा पाठीवर हळद भरत होती आणि शिव्या घालत होती, नवऱ्याला, दिराला, बारकूला, नदीवरच्या त्या कावळ्यालाही. अंगठ्याला चिंधी बांधली होती. हरेश पायरीवर गुडघ्यात मान घालून बसला होता. नोकरी गेलेली, डोक्याला टेंगूळ.

गणूने मान वळवली. गाल फरशीला टेकलेला.

"हरेश."

"काय काका?"

"ते पयलं पान दिलंस, त्यात काय काय होतं रे? माझं ध्यान नव्हतं."

हरेशने वर पाहिलं. काका थट्टा करत नव्हता. मग पोरगा सरकून जवळ बसला आणि सांगू लागला. भाजलेलं खोबरं. आलं. लिंबाची साल सुद्धा खायची असते काका, टाकायची नाय.

"साल बी?"

"साल बी."

"आन मग? त्या आंबट पाण्यात?"

हौसा शिव्या देता देता थांबली होती, हळदीचा हात तसाच पाठीवर. हरेश सांगत राहिला, एकामागून एक, थोडं थोडं. गणू डोळे मिटून ऐकत होता.